अबोली बियांपासून रुजवायची आहे, मदत हवी

मृगधारा
26 मे, सकाळी 10:42

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचं आजोळ. तिथे तुळशीमागे विहिरीपर्यंत अबोलीचा पट्टाच होता. आजी रोज सकाळी दुरडी घेऊन जायची आणि देवांना, शेजारच्या काकूंना, आम्हा तिघी बहिणींच्या वेण्यांना पुरून उरतील एवढी फुलं आणायची. पाच वर्षांपूर्वी अंगणात फरशी घातली. आजीही आता नाही आणि पट्टाही गेला.

मी पुण्यात राहते. पूर्वेकडची बाल्कनी, सकाळी साधारण अकरापर्यंत ऊन. मागच्या वर्षी इथल्या एका रोपवाटिकेतून दोन रोपं आणली. फुलं भरपूर येतात, मोठी आणि गडद केशरी. पण आजीची अबोली अशी नव्हती. तिची फुलं लहान, फिकट, त्या रंगाला आपण अबोली म्हणतो ना, अगदी तशी. शिवाय आजीला कधी रोप लावताना पाहिल्याचं आठवत नाही. पावसाळ्यात रोपं आपोआप उगवायची, ती फक्त विरळणी करायची. माझ्या कुंडीत वर्षभरात एकही बाळरोप आलं नाही.

तर प्रश्न असे: बी धरतं कसं? ते कधी काढायचं आणि कधी पेरायचं? कुंडीत जमेल का? आणि एक काळजीची गोष्ट. दोनांपैकी एक रोप गेल्या आठवड्यात दोन दिवसांत माना टाकून वाळलं. माती ओली होती. काय झालं असेल?

———

कुंडीतली_बाग
26 मे, दुपारी 1:15

तुमच्याकडे आहे ती दिल्ली अबोली. रोपवाटिकांत बहुतेक हीच मिळते, कारण फुलं मोठी आणि रोप लवकर भरतं. ती फांदीवरून करतात. माझ्याकडे गच्चीत चार आहेत, त्यांनाही कधी बी धरलं नाही.

वाळलेल्या रोपाचं: माती ओली असतानाही पानं मलूल झाली असतील, तर पाणी कमी पडलेलं नाही, मुळं कामातून गेली आहेत. कुंडी उपडी करून बघा. मुळं तपकिरी, मऊ असतील आणि वास येत असेल तर पाणी जास्त झालंय. खाली ताटली ठेवता का?

———

परसदार
26 मे, दुपारी 3:50

मृगधारा ताई, तुमचं वाचून मन भरून आलं. मी सावंतवाडीची. आमच्याकडे अजून ती जुनी अबोली आहे, सासूबाईंच्या सासूबाईंपासूनची. माझी आई म्हणायची, "मुळात पाणी साचला तर आबोली गेली म्हणून समज." इथे जांभ्याची माती, पाणी थांबतच नाही. म्हणून चार महिने धो धो पाऊस झाला तरी ती तगते.

बियांचं सांगते. फूल गळून गेलं की कणसावर बारीक बोंडं राहतात, हिरव्या कुसळांत लपलेली. ती वाळून तपकिरी होतात. पहिला पाऊस पडला की तडतड वाजत फुटतात आणि बी उडून जातं. लहानपणी आम्ही वाळकी बोंडं तोडून वाटीतल्या पाण्यात टाकायचो. एक-दोन मिनिटं शांत, मग टक्! आजीच्या पट्ट्यात रोपं आपोआप यायची ती यामुळेच.

मी एक शिकले आहे: सगळी कणसं फुलं संपताच तोडली तर बी राहत नाही. दर झाडावर चार-पाच कणसं वाळू द्यायची.

———

वनस्पतीशिक्षक
26 मे, रात्री 9:05

कुंडीतली_बाग यांनी ओळखलेलं बरोबर आहे. कारण थोडं उलगडून सांगतो, कारण याच एका गोष्टीमुळे अनेकांची वर्षं वाया जातात.

दिल्ली अबोली त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. बी तयार होण्यासाठी गुणसूत्रांच्या जोड्या लागून ती समान वाटली जावी लागतात. तीन संचांच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून परागकण आणि बीजांडं बहुतेक निकामी निघतात. बी न असलेली केळी खातो, त्यामागेही हेच कारण आहे. फूल मोठं आणि झाड जोमदार असतं, पण वंश फक्त फांदीवरून चालतो. मृगधारा, तुम्ही कितीही वाट पाहिली असती तरी तुमच्या कुंडीत बाळरोप आलं नसतं. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

आजीच्या अबोलीचं शास्त्रीय नाव क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस. मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेची, म्हणजे कोकणाला अगदी जवळची. कुळ अडुळशाचं. कोरांटी आणि कारवीही याच कुळातल्या, आणि बोंड तडकून बी भिरकावणं ही या कुळाची खासियत. अबोलीच्या बोंडात साधारण चार बिया असतात. प्रत्येक बीखाली एक वाकडा आकडा असतो. बोंड वाळताना त्याच्या भिंतींत ताण साठत जातो, पण दोन फाका एका शिवणीने धरून ठेवलेल्या असतात. पाणी लागलं की ती शिवण सैल होते, फाका झटकन उघडतात आणि आकड्याच्या हिसक्याने बी दूर फेकलं जातं. पाऊस आल्यावरच बी बाहेर पडावं, म्हणजे रुजायला ओल मिळावी, अशी ही योजना. इंग्रजीत या झाडाला फटाक्याचं फूल म्हणतात ते याच तडतडण्यामुळे.

विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग वर्गात दाखवत असे. शेवटच्या बाकावरचीही मुलं पुढे येऊन वाटीभोवती उभी राहायची.

———

मृगधारा
27 मे, सकाळी 8:20

सर, खूप आभार. मी वर्षभर त्या कणसांकडे बघत होते!

काल वाळलेली कुंडी उपडी केली. ताटली ठेवत होते, होय. पण मुळं मऊ नव्हती. काळपट, आखूड, पांढरी तंतुमुळं जवळजवळ नाहीत. वासही नाही. वरच्या मातीवर निंबोळी पेंड घालत होते, बाकी काही नाही.

आजोळी मामेभाऊ असतो, त्याला फोन केला. विहिरीच्या पलीकडे, फरशी संपते तिथे, काजूच्या सावलीत दोन-तीन झाडं अजून उभी आहेत म्हणाला! आजीचीच असणार. पाऊस तोंडावर आलाय. बी कसं काढायला सांगू त्याला?

———

परसदार
27 मे, सकाळी 9:02

आजच सांगा! वळवाची एक सर आली तरी बोंडं फुटून जातील. कणसं खालून वर वाळत जातात. ज्यांचा खालचा अर्धा भाग तपकिरी झालाय, ती देठासकट कापून कागदी पिशवीत घालायची. प्लास्टिक नको, आत घाम सुटतो आणि बोंडं पिशवीतच फुटायला लागतात. सकाळी दव वाळल्यावर काढली तर उत्तम.

तुमच्याकडे पोचली की वाळकी बोंडं सोडवा, खोलगट भांड्यात ठेवा, वरून पाण्याचा हबका मारा आणि लगेच जाळीचं झाकण. झाकण विसरू नका, बिया पार ओट्यापर्यंत उडतात. बी चपटं, तपकिरी असतं आणि ओलं झालं की बुळबुळीत होतं.

———

कुंडीतली_बाग
27 मे, सकाळी 11:30

एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे. परसदार ताई म्हणतात कणसं वाळू द्या. बियांसाठी ठीक. पण कुंडीतल्या झाडाला बी धरू दिलं की पुढची फुलं कमी होतात. मी फुलं संपली की कणीस देठापासून खुडते, आणि दहा-बारा दिवसांत खालच्या पेरातून दोन नवे तुरे येतात. फुलंच हवी असतील तर खुडणं हाच मार्ग.

———

परसदार
27 मे, दुपारी 12:10

तुमच्या दिल्लीला ते अगदी योग्य. तिला बी धरायचंच नसतं, वाळकं कणीस ठेवून काय मिळणार? पण गावठीचं सगळं खुडलं तर दोन-तीन वर्षांत झाड जुनं होतं, लाकूड धरतं, फुलं बारीक होतात आणि मागे रोप नसतं. आमच्या वाडीत किती घरांतून अबोली अशीच गेली. रोज सगळी फुलं काढली, बी राहिलं नाही, झाडं म्हातारी झाली, संपलं. मी पाहिलंय म्हणून सांगते.

———

कुंडीतली_बाग
27 मे, दुपारी 12:25

हे मान्य. गावठीबद्दल माझा अनुभव नाही.

———

सीमेवरचा_माळी
27 मे, रात्री 8:40

बेळगावकडचा फुलशेतकरी. वाळलेल्या रोपाबद्दल लिहितो, कारण यात माझे स्वतःचे दोन गुंठे गेलेत.

काळपट आखूड मुळं, तंतुमुळं गायब, वास नाही, माती ओली आणि झाड दोन दिवसांत खाली. ही मर आहे. अबोलीची ही सगळ्यात वाईट व्याधी. ती एकटी येत नाही. आधी डोळ्याला न दिसणारे सूत्रकृमी मुळांना जखमा करतात, मग त्या जखमांतून फ्युजेरियम बुरशी आत शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद पाडते. खोड बुडाशी आडवं कापून बघा, आत तपकिरी कडं दिसेल. वरून कितीही बुरशीनाशक मारलं तरी लागलेलं झाड परत येत नाही. मी मारून पाहिलंय, पैसे गेले.

पहिल्या वर्षी मला वाटलं पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं. रोग पाटाच्या पाण्याबरोबर ओळीने पुढे सरकत गेला. डोळ्यांदेखत. त्या हंगामात घरात कोणी त्या वाफ्याचं नाव काढत नव्हतं.

ताई, तुम्ही काय करायचं: ती माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत टाकू नका. कुंडी घासून धुऊन कडक उन्हात ठेवा. माती परत वापरायचीच असेल तर मे महिन्यात ओली करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद करा आणि उन्हात चार-सहा आठवडे तापवा. आता पाऊस आला, तेव्हा टाकून दिलेली बरी. नव्या मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) कुजलेल्या शेणखतात मुरवून मिसळा. निंबोळी पेंड वरून भुरभुरण्यापेक्षा भरतानाच मातीत कालवली तर जास्त उपयोगी.

आणि झेंडू. मी आता अबोलीआधी एक हंगाम त्याच वाफ्यात झेंडू घेतो. त्याच्या मुळांतल्या द्रव्यामुळे सूत्रकृमी कमी होतात. कुंडीत एखादं झेंडूचं रोप शेजारी लावून फारसं होत नाही, पूर्ण वाफाभर हवा. पण जमिनीत लावणाऱ्यांनी हे करावंच.

रोपवाटिकेतून आणलेलं रोपही पिशवीतून काढून मुळं बघून घ्यावं. बऱ्याचदा रोग तिथूनच येतो.

———

मृगधारा
27 मे, रात्री 9:15

दादा, खोड कापून पाहिलं. तपकिरी कडं आहे. माती फेकली. दुसरं रोप आत्ता तरी ठीक दिसतंय, त्याची ताटली काढली. तुमच्या दोन गुंठ्यांचं वाचून फार वाईट वाटलं.

———

मांडवीकाठची
28 मे, सकाळी 7:55

गोव्याहून. आमच्याकडे अबोलीशिवाय सण नाही. म्हापशाच्या बाजारात, मंगेशीच्या देवळाबाहेर बायका केळीच्या पानावर फात्या, म्हणजे गुंफलेल्या फुलांच्या माळा, मांडून बसतात, त्यांत अबोली असतेच. फुलाला वास नाही. तिला अबोली म्हणतात ते यासाठीच, असं माझी आजी सांगायची: वास नाही, म्हणजे बोलत नाही. पण तोडल्यावर दोन दिवस ताजी राहते. मोगरा संध्याकाळी पिवळा पडतो, अबोली दुसऱ्या दिवशीही केसांत तशीच. आणि हलकी इतकी की किलोभर व्हायला हजारो फुलं लागतात.

गुंफणाऱ्यांसाठी: फूल ओढून काढायचं नाही, लांब नळीला खालून चिमटीत धरून अलगद सोडवायचं. नळीच गुंफायला लागते. केळीच्या सोपटाचा धागा पाण्यात भिजवून घ्यायचा, दोन फुलं इकडे, दोन तिकडे, मध्ये गाठ. साधा दोरा नळी कापतो.

कणीस खालून वर फुलतं, दोन-तीन आठवडे चालतं. म्हणून आम्ही एक दिवसाआड काढतो. रोज काढायला गेलं की अर्धवट उघडलेली फुलंही हाताला येतात.

———

उन्हाळी_मनुष्य
28 मे, सकाळी 10:10

ऊन किती लागतं? माझ्याकडे नागपूरला गच्चीवर दिवसभर ऊन, अबोली मेमध्ये पानं गुंडाळते.

———

परसदार
28 मे, सकाळी 10:48

नागपूरच्या उन्हात नको हो! सकाळचं ऊन, दुपारी सावली. आमची नारळ-पोफळीच्या कवडशात वाढते. पण गडद सावलीत ठेवली तर नुसती पानं, कणीस येत नाही.

———

सीमेवरचा_माळी
28 मे, दुपारी 2:00

शेतात आम्ही उघड्या उन्हातच घेतो, पण पाणी आणि आच्छादन नीट असतं. कुंडीतली माती तापते, फरक तिथे आहे. गच्चीवर हिरवी जाळी बांधा आणि कुंडीवर पाचोळा घाला. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळं दिसतंय का बघा, कोरड्या उष्म्यात लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड येते. आठवड्यातून दोनदा पानांखालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराच आटोक्यात राहतो.

———

थंडीतली_मराठी
28 मे, रात्री 11:30

कॅनडातून. इथे ती घरातलं झाड म्हणून मिळते. पारा 12-13 अंशांखाली गेला की पानं काळी पडतात, म्हणून ऑक्टोबर ते मे आत, दक्षिणेच्या खिडकीत. हीटरमुळे हवा कोरडी होते, तेव्हा ओल्या खड्यांच्या ताटावर कुंडी ठेवते. खडे ओले, पण कुंडीचं बूड पाण्यात नाही. जानेवारीत एक कणीस फुललं तेव्हा मी आईला व्हिडिओ कॉल केला होता. बाकी सगळा धागा जपून ठेवते आहे.

———

मृगधारा
9 जून, सायंकाळी 6:30

कणसं आली! भावाने एसटीने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवली. 17 कणसं. त्यांतली बरीचशी बोंडं आधीच फुटलेली होती, तिकडे 30 तारखेला सर आली म्हणे. उरलेली भांड्यात घालून हबका मारला. माझी सात वर्षांची मुलगी जाळीला कान लावून बसली होती. पहिलं बोंड वाजलं तेव्हा ती दचकली, मग मोजायला लागली. एकूण 34 बिया मिळाल्या. मातीचं मिश्रण आणि खोली कोणी सांगाल का? उद्या पेरते.

———

वनस्पतीशिक्षक
9 जून, रात्री 8:12

बुळबुळीत झालेलं बी पुन्हा वाळवत बसू नका, आजच पेरा. अर्ध्या सेंटीमीटरहून खोल नको. वरून बारीक चाळलेली माती किंवा कोकोपीट भुरभुरा आणि झारीऐवजी फवाऱ्याने पाणी द्या. उबदार हवेत साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मागेपुढे उगवतात, तेव्हा पहिलं रोप आलं म्हणून बाकीची माती उकरू नका.

———

परसदार
9 जून, रात्री 8:40

माझं मिश्रण: दोन वाटे लाल माती, एक वाटा जाडसर वाळू, एक वाटा जुनं शेणखत, आणि मोठ्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. पेरायच्या ट्रेमध्ये खत घालू नका. पुण्याची काळी माती नकोच. चिकट असते, पाणी धरते.

———

कुंडीतली_बाग
10 जून, सकाळी 9:20

पुण्यात आणखी एक अडचण येईल. बोअरचं जड पाणी असेल तर काही महिन्यांनी नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागतात. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण पाण्यातल्या चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. मी चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं) पाकिटावरच्या मात्रेने देते आणि शक्य तेव्हा पावसाचं पाणी साठवून घालते. पिवळं पान दिसलं म्हणून युरिया देऊ नका, मी तसं करून एक झाड नुसतं पानांचं केलं होतं.

आणि तुमच्या उरलेल्या दिल्लीच्या फांद्या याच पावसात लावून ठेवा. चार-पाच इंचांची, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी, खालची पानं काढून ओल्या वाळूत. महिन्याभरात मुळं धरते. मूळ झाडाला मर लागलीच तर हाताशी दुसरं असेल.

———

मृगधारा
29 जून, सकाळी 7:10

आज सकाळी तीन! दोन छोटी गोल पानं, मातीला टेकलेली. मुलगी शाळेत जायला तयार नव्हती.

———

मृगधारा
2 ऑगस्ट, रात्री 10:05

34 पैकी 19 उगवली. पाच गोगलगायींनी खाल्ली (रात्री विजेरी घेऊन बसले तेव्हा सापडल्या). उरलेली 14, आता चार-पाच जोड पानांची. वेगळी कधी करू? शेंडा खुडायचा का?

———

सीमेवरचा_माळी
3 ऑगस्ट, सकाळी 6:40

रोपं साधारण साठ दिवसांची झाली की हलवा. संध्याकाळी, मातीच्या गोळ्यासकट, आणि मुळं उघडी करू नका. जखमी मूळ म्हणजे रोगाला दार उघडं. दहा इंची कुंडीत एकच रोप. हलवल्यावर आठ-दहा दिवसांनी शेंडा खुडा, बाजूने फांद्या फुटतील आणि प्रत्येक फांदीला कणीस येईल. तुमच्यापुरती चार-पाच ठेवून बाकी वेगवेगळ्या घरी द्या. सगळी एका बाल्कनीत नकोत. एकीला मर लागली तर बाकीच्या वाचतील. माझ्याकडे हा शहाणपणा दोन गुंठे गेल्यावर आला.

———

मांडवीकाठची
3 ऑगस्ट, सकाळी 9:30

त्यातलं एक मला हवंय! पुण्याला दिवाळीत येते आहे. बदल्यात पिवळ्या अबोलीचं बी आणते, आमच्या परसात आहे.

———

मृगधारा
14 नोव्हेंबर, सकाळी 8:00

पहिलं कणीस फुललं. खालची तीन फुलं उघडली आहेत. रंग तोच, लहान, फिकट, एका बाजूला पंख्यासारखं पसरलेलं फूल. पाच ठेवली, नऊ दिली: एक मांडवीकाठचीला, दोन मामेभावाला परत आजोळी (फरशीच्या कडेने लावली त्याने), एक मुलीच्या शाळेत, बाकी सोसायटीत.

आईला फोटो पाठवला. तिने लगेच फोन केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग विचारलं, "किती आहेत? दोन वेण्यांना पुरतील?" अजून नाही पुरत. तीनही फुलं आजीच्या फोटोला ठेवली. पुढचं कणीस बियांसाठी सोडणार आहे, त्यावर मलमलची पिशवी बांधायची का? की मेपर्यंत तशीच ठेवली तर चालतील?

———

परसदार
14 नोव्हेंबर, सकाळी 8:22

बांधा हो, सैलसर. पुण्यात जानेवारीतही कधी अवकाळी सर येते. आणि बोंडं मेपर्यंत थांबत नाहीत, फेब्रुवारी-मार्चमध्येच वाळतील. काढून कागदी पाकिटात तारीख लिहून ठेवा. मेमध्ये मला दहा बिया पाठवाल? तुमच्या आजीची अबोली आमच्या पट्ट्याशेजारी लावते, वेगळ्या ओळीत.